आईच्या गुडघ्याएवढी गाडी

आमच्या सोसायटीच्या गेटातला गतिरोधक मीच बांधून घेतला, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मुलुंड पूर्वेला आमची सात मजल्यांची सोसायटी आणि मी तिचा नऊ वर्षं सेक्रेटरी. जेवण पोचवणाऱ्या स्कूटर गेटातून भरधाव आत शिरायच्या, म्हणून मी ठराव मांडला, गवंडी आणला आणि भर उन्हात छत्री घेऊन त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. गवंडी म्हणाला, साहेब, बास झालं. मी म्हटलं, अजून एक घमेलं टाक. त्या एका घमेल्याने पुढे माझी काय दशा केली, त्याची ही हकिकत आहे.

गाडीचंही सांगायला हवं. अडीच वर्षांपूर्वी मी गाडी घेतली ती खास उंचीसाठी. वर्षातून दोनदा कुडाळला गावी जायचं, रस्त्याची अवस्था सांगता येत नाही, तेव्हा गाडी कशी जमिनीपासून चार बोटं वर हवी. ग्राउंड क्लिअरन्स हा शब्द त्या वर्षात मी जितक्या वेळा उच्चारला तितक्या वेळा तिचं नावसुद्धा घेतलं नसेल, असं मानसी म्हणते. मानसी म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे, पण सर्वस्वी खोटं नाही. लिफ्टमध्ये कुणी नुसतं 'काय लवूशेठ' म्हटलं तरी मी ग्राउंड क्लिअरन्सवर यायचो.

मार्चमध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, नाव रत्नप्रभा, आणि स्वभाव नावाइतका मऊ नाही. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त हालचाल हवी. त्यासाठी चेतना नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीन वेळा घरी यायला लागली. गोड मुलगी, पण चिवट. ती म्हणायची, "आजी, खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, फक्त दहा वेळा. मग लिफ्टने खाली जाऊन गेटापर्यंत चाळीस पावलं." आई विचारायची, "थय गेटार काय आसा?" माझा गतिरोधक सोडला तर गेटावर खरोखरच काही नव्हतं. त्यामुळे आई सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उठायची, आणि तेवढ्यावर चेतनाची बोळवण व्हायची.

एप्रिलमध्ये तपासणीसाठी आईला दवाखान्यात न्यायचं होतं. तेव्हा लक्षात आलं, की गाडीचं सीट आईच्या कमरेच्या वर येतं. ज्या उंचीचं मी दोन वर्षं कौतुक केलं ती आमच्यासमोर भिंतीसारखी उभी राहिली. लाकडी पाट ठेवून पाहिला, तर त्यावर पाय ठेवायलाच गुडघा वाकेना. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे नाना आले. नाना हे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कुणाकडेही काहीही अडलं, की पहिल्या पाच मिनिटांत नाना तिथे असतात. ते म्हणाले, "सोपं आहे रे. वॉचमन, तू इकडून धर, मी तिकडून धरतो. एक, दोन, तीन." आणि त्यांनी आईला उचलून फ्रीज ठेवावा तशी सीटवर ठेवली. वर शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर आई खुर्चीत बसून म्हणाली, "लवू, माका परत सामानासारख्या चढवशीत तर बघ. त्या गाडीत मी पाय ठेवूचंय नाय." आणि तो विषय संपला.

संपला असता, पण जुलैच्या शेवटी चंपाचा निरोप आला.

चंपा म्हणजे आमची वेसाव्याची कोळीण. परळच्या चाळीत आम्ही होतो, बाबा गिरणीत होते, तेव्हापासून ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन यायची. गिरणी बंद पडली, आम्ही मुलुंडला आलो, तरी महिन्यातून एकदा चंपा यायचीच. पहिल्यांदा आली तेव्हा आईने विचारलं होतं, एवढ्या लांब कशाला आलीस. तर म्हणाली, तुला बांगडा बघून घेता येत नाही. हे आईला सांगायची हिंमत अख्ख्या मुंबईत एकट्या चंपाची. मी सात वर्षांचा असताना तिची रिकामी पाटी गॅलरीतून भुर्र करत ढकलत न्यायचो, तेव्हा ती म्हणायची, "ह्यो पोर गाडी घेनार. घेतलीस का पयली माजे दारान आन."

गाडी घेतली त्या दिवशी आईने मला याची आठवण दिली होती. मी म्हटलं, जाऊ की एखाद्या रविवारी. त्यानंतर असे सव्वाशे रविवार गेले. त्या काळात चंपाचेही पाय गेले आणि तिचं येणं बंद झालं. आता तिच्या नातीचा फोन आला: आजीने विचारलंय, नारळी पुनवेला येता का, ती काही आता येऊ शकत नाही.

फोन ठेवल्यावर आईने दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "चाळीस वर्सा ती माझ्या दारात येय. मी एकदाय तिच्या दारात जावक नाय." आणि लगेच, "आता तर जमाचाच नाय."

हे सव्वाशे रविवार आईचे गुडघे ठणठणीत नव्हते, पण चालते होते. बसून होतो तो मी.

मानसीने लगेच सुचवलं, की बुटकी टॅक्सी बोलवा आणि जा. बायकांना गोष्टी सोप्या करायची वाईट खोड असते. आई म्हणाली, चंपाच्या दारात लवूच्या गाडीतून उतरायचं, भाड्याच्या नाही. मीही म्हटलं, बरोबर आहे. मग मानसी म्हणाली, आई गाडीत चढणार नाहीत आणि गाडी आईंसाठी वाकणार नाही, तेव्हा तुम्ही दोघं बसा गाडीचे फोटो बघत.

गाडी वाकणार नाही, हे शब्द माझ्या डोक्यात बसले. कारण वाकलेली गाडी मी पाहिली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या सौरभने आपली गाडी एवढी खाली करून घेतली होती, की ती उभी असली तरी बसल्यासारखी वाटायची. माझ्या गतिरोधकावर ती रोज घासायची, म्हणून तो ती बाहेर रस्त्यावर लावायचा. मी सेक्रेटरी या नात्याने त्याला दोन पत्रंही दिली होती. आता तुम्ही म्हणाल, हे माहीत असताना मला कळायला नको होतं का. कळायला हवं होतं. पण सौरभची गाडी घासते याचं कारण मी सौरभच्या संस्कारांत शोधलं होतं.

मी त्याच्या दारात गेलो. तो बिचारा तिसरं पत्र आलं असं समजून आधीच सॉरी म्हणाला. मी हेतू सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं तसं माझ्या पोटच्या पोरीने, दिशानेही कधी पाहिलेलं नाही. त्याने गोवंडीच्या एका गॅरेजचा पत्ता दिला.

जाण्याआधी मी मापं घेतली. मी काम करतो ते पद्धतशीर. परळहून आणलेली एक जुनी लाकडी खुर्ची आहे, त्या एकाच खुर्चीतून आई कुणाच्या मदतीशिवाय उठते. तिची उंची भरली एकवीस इंच. गाडीचं सीट पंचवीस. मग शिंप्याची टेप घेऊन मी आईचा गुडघ्यापासून टाचेपर्यंत पाय मोजला. आईने विचारलं, "कसला माप घेतंस?" मी म्हटलं, आहे एक काम. ती म्हणाली, "अजून येळ आसा हां माका."

गोवंडीचं गॅरेज म्हणजे दोन गाळे, एक लिफ्ट आणि मिथुन. मिथुन पस्तिशीचा, बोलायला कमी, आणि गाडीला हात लावायच्या आधी तो कापडाला हात पुसायचा, नंतर नाही. मी मापांचा कागद पुढे केला. त्याने विचारलं, "काका, लूकसाठी करायची का रेसिंगसाठी?"

"आईसाठी."

तो स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. "काका, बारा वर्षं हेच काम करतोय. गाडी खाली करायला येतात ते सगळे आईपासून लपवून येतात. आईसाठी आलेले तुम्ही पहिले." त्याने कागद नीट वाचला. "चार इंच. अडीच इंच स्प्रिंगने जाईल, दीड सीटच्या फोममधून काढतो. शॉकअप पण आखूड टाकावे लागतील, जुने ठेवले तर गाडी नुसती आपटत राहील. पण एक सांगतो, खाली केलेल्या गाडीला स्प्रिंग कडक लागते."

"कडक नको. आईच्या कमरेला धक्का बसता कामा नये."

"नरम टाकली तर वजन आलं की अजून बसेल. इंजिनखालचं चेंबर घासेल. किती जण बसणार?"

"मी आणि आई."

"बस, दोघंच?"

"दोघंच."

हे मी त्या क्षणी पूर्ण प्रामाणिकपणे सांगितलं. आमच्या घराण्याच्या इतिहासात एका गाडीतून दोनच माणसं, आणि तीही रिकाम्या हातांनी, कुठेही गेलेली नाहीत. आजोबा पहिल्यांदा मुंबईला आले ते शेजारच्या दोघांना आणि एका कोंबड्याला घेऊन आले. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मापाच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

मी कायदा मानणारा माणूस असल्यामुळे स्प्रिंगा बदलण्याआधी वाहनांच्या सरकारी कचेरीतही एक अर्ज दिला. खिडकीतल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "लोक आधी करतात, मग आम्ही धरतो. तुम्ही आधी विचारायला आलात." मग त्यांनी शेजाऱ्याला बोलावून अर्ज दाखवला, त्याने आणखी एकाला. शेवटी आवक शिक्का मारून म्हणाले, उत्तर येईल. मी अजूनही टपालपेटी रोज बघतो.

सोसायटीत बातमी फुटली ती सौरभमुळे. त्यानंतर मला जे सल्ले मिळाले त्यांत कुणी म्हणालं गाडीला रॅम्प लावा, कुणी म्हणालं आईंनाच अर्धा तास आधी खिडकीतून बसवा, आणि नाना म्हणाले, "चाकातली हवा सोड. फुकटात खाली येते." नानांना वाटतं त्यांच्या सूचना मी अहंकारामुळे नाकारतो. तसं नाही. मी त्या ऐकल्यामुळे नाकारतो.

पुनवेच्या सहा दिवस आधी, शनिवारी दुपारी, गाडी तयार झाली. मिथुनने चाकांचं अलाइनमेंट करून दिलं, स्वतः सीटवर दहा वेळा बसला आणि उठला. एकवीस इंच. मी टेप लावून पाहिली आणि मला उगाच भरून आलं. गोवंडी ते मुलुंड गाडी लोण्यासारखी आली. मी खिडकीची काच खाली करून, कोपर बाहेर काढून, आमच्या गेटातून आत वळलो.

जो आवाज झाला तो मला अजून नीट सांगता येत नाही. मोठ्या कढईत कुणी उलथनं घासत न्यावं तसा. गाडीची पुढची चाकं सोसायटीच्या हद्दीत, मागची महापालिकेच्या, आणि मधला भाग माझ्या त्या एका घमेल्यावर. मी पुढे रेटलं, ती हलेना. मागे घेतलं, तरी हलेना. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत नाना चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी आत जाऊन दुसरा कप आणला आणि खुर्चीही आणली.

शेवटी सौरभ, वॉचमन आणि दोन स्कूटरवाल्या पोरांनी गाडी मागे ढकलली. ज्या पोरांसाठी मी तो गतिरोधक बांधला होता तीच ही पोरं. मी गाडी बाहेर रस्त्यावर, सौरभच्या गाडीच्या मागे लावली. सौरभने आपली गाडी दोन हात पुढे घेऊन मला जागा करून दिली. तो गुणी मुलगा आहे, माझी दोन्ही पत्रं मी मनातल्या मनात मागे घेतली.

रविवारी सकाळी कमिटीची तातडीची बैठक मी बोलावली. विषय एकच: गतिरोधकाची उंची कमी करणे. मी म्हटलं, तासाभराचं काम, गवंडी सांगून ठेवला आहे. नाना कमिटीवर नाहीत, पण बैठकीला असतात. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. गतिरोधक बांधला तेव्हा नानांची कंबर दुखायची, रिक्षातून येताना त्यांना दणका बसायचा, म्हणून त्यांनी तो फोडायची मागणी केली होती. त्यावर मी रात्रभर जागून एक कलम लिहिलं होतं. नानांनी त्या ठरावाला प्लॅस्टिकचं आवरण करून घेतलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं: "सदर गतिरोधकाच्या उंचीत कोणताही फेरफार करावयाचा झाल्यास एकवीस दिवसांची लेखी नोटीस, विशेष सर्वसाधारण सभा व दोन तृतीयांश बहुमत आवश्यक राहील. याबाबत सेक्रेटरींची वैयक्तिक अडचण विचारात घेतली जाणार नाही."

शेवटचं वाक्य मी निःपक्षपातीपणा दिसावा म्हणून घातलं होतं.

"भाषा कोणाची आहे?" नानांनी विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

"सुंदर आहे," नाना म्हणाले, आणि कागद पुन्हा पिशवीत ठेवला.

पुनवेला पाच दिवस होते आणि नोटिशीला एकवीस. म्हणजे गाडी बाहेरच राहणार, आणि आईला गेटाबाहेर यावं लागणार. चाळीस पावलं. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता ती म्हणेल राहू दे. तिने विचारलं, "सीट खरोखर खुर्चीएवढा आसा?" मी म्हटलं, टेप लावून मोजलंय. आई म्हणाली, "मग बघूया."

पुनवेच्या सकाळी आठ वाजता आई नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून तयार होती. चेतना आली होती, कारण तिच्या पेशंटची पहिली चाल ती चुकवणार नव्हती. मानसी आली, कारण सासू एवढ्या दिवसांनी बाहेर पडते म्हटल्यावर कुणीतरी हवंच. नाना आले, कारण नारळाचं पोतं खाली आणायला त्यांना आईनेच सांगितलं होतं, आणि मग त्यांना असंच परत कसं पाठवायचं. नारळाचं पोतं कशाला, असं मी विचारलं. नारळी पुनवेला कोळीवाड्यात नारळ घेऊन जाणं म्हणजे काय, हे आईला समजावण्यात अर्थ नव्हता. "गावचे नारळ आसत," ती म्हणाली. शिवाय कोकमाची सोलं, कुळथाचं पीठ आणि गुळाचं खाजं. मालवणी माणूस चाळीस वर्षांनी पहिल्यांदा कुणाच्या दारात जातो तेव्हा हात हलवत जात नाही.

आई लिफ्टमधून बाहेर पडली. एका हातात काठी, दुसरा हात चेतनाच्या खांद्यावर. मी पावलं मोजत होतो. पंचविसाव्या पावलाला ती थांबली, अख्ख्या सोसायटीच्या खिडक्यांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चालू लागली. माझा गतिरोधक तिने काठी टेकवून ओलांडला. गाडीशी आली, पाठ केली आणि बसली. खुर्चीत बसावी तशी, कुणाचा हात न धरता. मग पाय आत घेतले, पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरा केलंस."

मी गॉगल लावला. ऊन नव्हतं, पण लावला.

निघण्याआधी आईने नारळ हातात घेऊन सीटवरूनच देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान गाडी खाली करूचो जो उद्योग केल्यान हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"वाटेत काय आडवा इला तर ता दूर कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," नाना सगळ्यात मोठ्याने म्हणाले. गतिरोधकाचा कागद त्यांच्या पिशवीतच होता, अशी माझी खात्री आहे.

मग मानसी, चेतना आणि नाना मागे बसले, डिकीत पोतं आलं, आणि गाडी खाली बसत गेली, बसत गेली. मला तेव्हा पहिल्यांदा मिथुनचा प्रश्न आठवला. बस, दोघंच?

पहिला गतिरोधक शाळेसमोर लागला. माझ्या गतिरोधकाच्या मानाने तो काहीच नव्हता, पण गाडीच्या पोटातून तोच कढईचा आवाज आला. मी थांबलो. मागून हॉर्न सुरू झाले. मिथुनला फोन लावला. तो म्हणाला, "काका, किती जण बसलेत?" मी म्हटलं, पाच, आणि नारळ. तो म्हणाला, "सगळे उतरवा. तिरकी घाला, एकेक चाक."

मागचे तिघे उतरले, नानांनी पोतं खांद्यावर घेतलं. तरी घासलं. मी हतबल होऊन आईकडे पाहिलं. ज्या बाईला चढउतार नको म्हणून एवढा खटाटोप केला तिला उतर म्हणायला माझी जीभ रेटेना. आईनेच दार उघडलं. "उतरतंय मी. नायतर मोडशीत ती."

ती उठली, चेतनाचा हात धरून गतिरोधकाच्या पलीकडे गेली. गाडी तिरकी होऊन अलगद उतरली. आई पुन्हा बसली. चेतनाने पर्समधून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं.

मुलुंड ते वेसावे हा रस्ता मी शेकडो वेळा गेलो असेन, पण त्यावर किती गतिरोधक आहेत हे त्या दिवशी कळलं. शाळा झाली की देऊळ, देऊळ झालं की हॉस्पिटल, आणि एक तर कशासमोरच नव्हता, नुसताच होता. माझ्यासारखाच कुणीतरी सेक्रेटरी तिथेही राहत असणार. प्रत्येक ठिकाणी तीन दारं उघडायची, माणसं उतरायची, नाना पोतं घेऊन पुढे, आई मागे, आणि मी एकटा गाडीत बसून तिरका तिरका. अंधेरीला एका चौकात हवालदार धावत आला. मी घाईने सगळे कागद काढले, आवक शिक्क्याचा अर्ज सगळ्यात वर ठेवला. त्याने कागदांकडे पाहिलंही नाही. शिट्टी मारून दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली, आईला हात देऊन पलीकडे नेलं आणि परत येऊन माझ्या खिडकीत वाकून म्हणाला, "म्हातारीला चालवता आणि स्वतः आरामात बसता? शोभतं का?"

मी खुलासा करणार होतो. पण खुलासा गुडघ्यांपासून सुरू करावा लागला असता आणि मागे बस उभी होती.

पाचव्या गतिरोधकाला मी ब्रेक लावायच्या आत आईचं दार उघडलेलं होतं. सहाव्याला तिने चेतनाचा हात घेतला नाही. नवव्याला नाना पोतं घेऊन दमले, तर आई पलीकडे उभी राहून त्यांना म्हणाली, "या नाना, हळू या. एक, दोन, तीन." नाना भर रस्त्यात हसत सुटले. मला वाटतं, एप्रिलपासून आई त्या क्षणाची वाट बघत होती.

वेसाव्याला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. कोळीवाडा सजला होता, होड्यांना पताका, बायका दागिन्यांनी मढलेल्या, कुठेतरी बँजो वाजत होता. मी आईला म्हटलं, आता बघ, चंपाच्या दारात गाडी उभी करतो. चंपाची नात गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ती गाडीकडे बघून म्हणाली, "काका, गाडी इथंच लावा."

"नको, आजीच्या दारात न्यायची आहे. तसं ठरलंय."

"आमच्या दारात सायकल येत नाही," ती म्हणाली.

मी उतरून पाहिलं. गल्ली माझ्या दोन हातांएवढी. एका बाजूला जाळी वाळत घातलेली, दुसऱ्या बाजूला पिंपं. चंपाच्या दारात गाडी चाळीस वर्षांपूर्वीही येऊ शकत नव्हती आणि पुढेही येणार नव्हती. हे चंपाला पहिल्यापासून माहीत असणार. सात वर्षांच्या पोराला म्हटलेलं ते, त्यात मापं कोण बघतं. मीच एकटा टेप घेऊन निघालो होतो.

"किती लांब आहे?" मी विचारलं.

"शंभरेक पावलं."

मी आईकडे वळलो. अडीच इंच स्प्रिंग, दीड इंच फोम, आणि आता शंभर पावलं. पण आई सीटवर नव्हती. ती गल्लीत शिरली होती. काठी टेकत, जाळी चुकवत, आपल्या चालीने. चेतना तिच्या मागे चार हात अंतर ठेवून चालत होती आणि मागे वळून तिने मला वही दाखवली. त्यात बारा आडव्या रेघा होत्या. दहा वेळा उठा म्हणून ती मार्चपासून विनवत होती.

गल्लीच्या शेवटी उंबऱ्यावर चंपा बसली होती. हिरवं लुगडं, नाकात मोती, डोळ्यांवर जाड चष्मा. तिला आधी कळलंच नाही कोण येतंय. मग कळलं तेव्हा तिने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि तिने बसल्या जागी दोन्ही हात पसरले.

"आयलीस गो बाय?"

"इलंय," आई म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

चंपाने तिचे हात धरले, तिच्या पायांकडे पाहिलं, मग गल्लीच्या तोंडाकडे. आमची गाडी तिथून दिसत नव्हती. "एवढ्या लांबशीन कशान आयलीस?"

मी पुढे झालो. गेला महिनाभर, खरं तर चाळीस वर्षं, मी या प्रश्नाची वाट बघत होतो. मी घसा खाकरला.

"चलत इलंय," आई म्हणाली. "तू इतकी वर्सा येयस, तशीच."

चंपाने तिला ओढून आपल्या शेजारी उंबऱ्यावर बसवलं. उंबरा माझ्या अंदाजाने नऊ इंचांहून जास्त नव्हता. आई बसली. दोघी एकमेकींचे हात धरून रडायला लागल्या आणि लगेच बांगड्याच्या भावावरून बोलायलाही लागल्या.

मी गाडीची किल्ली खिशात घातली आणि नारळाचं पोतं आणायला मागे फिरलो.